झुंबराखाली

तीस वर्षं झुंबरं विकून दुकानदाराने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण आजचं प्रकरण काही वेगळंच होतं. हा गृहस्थ प्रत्येक झुंबराखाली चपला काढून सरळ फरशीवर उताणा झोपायचा, वर बघत ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा आणि उठून म्हणायचा, "दुसरं दाखवा."

"अहो, झुंबर उभ्याने बघतात. दिवाणखान्यातच लावायचंय ना?"

"नाही, आईच्या खोलीत. याला लोलक किती?"

"एकशे वीस."

"कमी पडतील."

आता मात्र दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कशाला कमी पडतील?"

"दोन वर्षं झाली, आई अंथरुणावरून उठलेली नाही. आमच्या छताला फळ्या चाळीस. त्या तिच्या केव्हाच मोजून झाल्यात."

आतल्या कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं झुंबर दुकानदाराने पेटवलं, पंखा अगदी हळू सोडला आणि गुडघ्यांवर हात टेकत तोही गृहस्थाशेजारी आडवा झाला. वर काच किणकिणली. उजेडाचे ठिपके भिंतीवरून, दोघांच्या अंगावरून मासोळ्यांसारखे सरकू लागले. निळा, मग जांभळा, मग ज्याला नावच नाही असा एक रंग. दुकानदार बोट वर करून मोजत राहिला. बऱ्याच वेळाने ते बोट खाली आलं.

"हेच न्या," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा चुकलो."