उजवी बाजू फिकट

"पुन्हा तेच! उजवी बाजू फिकट," बाबांनी पुलाचा ओला फोटो उजेडात धरला. न्हाणीघराची डार्करूम केल्यापासून चाळीस वर्षांत फोटो छापायच्या त्यांच्या एन्लार्जरने असा दगा दिला नव्हता. आठवडाभरात त्यांनी बल्ब बदलला, भिंग पुसलं, पाणसळ लावून एन्लार्जर सरळ केला. "बोल, काय म्हणतं तुझं विज्ञान?"

लेकीने फोटो हातात घेतला आणि फिरवून उलटा धरला. नदी वर गेली, पूल खाली आला. "मधोमध बघा. आता कुठली बाजू फिकट?"

"उजवीच! किती वेळा सांगू?"

छपाईत खोट असती, तर ती फोटोबरोबर फिरून डावीकडे गेली असती.

"एन्लार्जर ठणठणीत आहे, बाबा. शर्ट बदला. डोळ्यांचे डॉक्टर सातपर्यंत असतात."