नागपूर ते टोरांटो, अर्धा तास

कामावर निघताना ऋजुता थोरल्या बहिणीच्या पाया पडायला वाकली, तशी केतकीताईने पाय मागे घेतले.

“पुरे झालं. आता मीच वाकायला हवं. चार वर्षांनी धाकटी होतीस माझ्याहून, आता सात वर्षांनी मोठी झालीस. आरशात बघ एकदा.”

ऋजुताने बघितलं नाही. आपले पांढरे केस तिला पाठ होते. नागपूर ते टोरांटो बारा हजार किलोमीटर. तिचं विमान ते अर्ध्या तासात कापायचं, पण तो अर्धा तास जमिनीवरच्यांचा. आत बसलेल्यांचे पुरते चौदा तास जायचे. वर्षाकाठी एकदा जाणाऱ्या प्रवाशाला त्याचं काही वाटत नसे. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या वैमानिक ऋजुताचं वय मात्र अकरा वर्षांच्या नोकरीत बावीस वर्षांनी वाढलं होतं.

“सोड ही नोकरी. अशाने आईच्या वयाची होशील.”

“होईन. तिकडे एका पोरीला दोन तासांत औषध हवंय. दुसरं कुठलं विमान पोचणार आहे?”

गुडघ्यावर हात टेकत ती पुन्हा वाकली. “आणि आईएवढी झाले तरी पाया मीच पडणार. कर पाय पुढे.”

ताईने पाय पुढे केले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीसारखी म्हणाली, “शंभर वर्षं...”

हात तिथेच थांबला. ताई मनात हिशेब करतेय, हे ऋजुताला वाकल्या वाकल्याच कळलं. शरीराने ती आत्ताच बावन्नची होती; या वेगाने तिची शंभरी चोवीस वर्षांत भरणार होती.

“दोनशे वर्षं जग,” ताई म्हणाली आणि तिच्या तळहातावर दही ठेवलं.