चाकावरचं कुंकू

हँडल चिंधूच्या मनगटावर बसलं आणि हाड कडकन मोडलं. पाना हातातून उडून ट्रकखाली गेला. मारलं कुणी, हे आधी त्याला कळलंच नाही. वर बघतो तो भागीरथा! कारखान्यात झाडलोट करणारी, पाणी भरणारी भागीरथा. फिरवून ट्रक सुरू करायचं ते जाड लोखंडी हँडल तिनं दोन्ही हातांत धरलं होतं आणि पुन्हा उगारलं होतं.

"चाकाले हात लावशीन तं दुसराबी मोडीन," ती म्हणाली.

मार खाऊन गप्प बसणाऱ्यातला चिंधू नव्हता. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती कोसळली. डाव्या हातानं तिचे केस धरून त्यानं तिचं डोकं मडगार्डवर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं. मोठा मिस्त्री भैय्याजी आणि बाकीचे मिस्त्री धावत आले, पण सोडवायला नाही हो, बघायला.

तेवढ्यात तिचा ओचा सुटला आणि कुंकवाची डबी मातीत घरंगळली.

सगळे थबकले. नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईच्या ओच्यात कुंकू!

"हीच! हीच करणी करून राह्यली!" भैय्याजी ओरडला.

पुलगावच्या रस्त्यावरच्या या कारखान्यात मिलिटरीचे लिलावातले जुने ट्रक येत. मालक अण्णाजी ते दुरुस्त करून, हिरवा रंग फासून कापूस वाहणाऱ्यांना विकत. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर ट्रकांची नवी खेप आली, आणि तेव्हापासून रोज सकाळी चाकांच्या नटांना कुंकू माखलेलं दिसू लागलं. मिस्त्री तसे मोठे बहाद्दर. अख्खं इंजिन खोलून बसवतील. पण कुंकू बघितलं की लांबूनच हात जोडत. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे नानाजीचं भूत. नानाजी म्हणजे भागीरथाचा नवरा, इथलाच मिस्त्री. दारूच्या नशेत चाकावर पडून मेला, असं अण्णाजी सांगत. नाचणगावहून बायकोसह येऊन नुकताच कामाला लागलेला चिंधूही घाबरला होता. आज सकाळी रामराम म्हणत त्यानं ते कुंकू घासलेटच्या फडक्यानं पुसलं, आणि मग नटांना पाना लावला होता.

भैय्याजीनं साखळी उचलली. पहिला फटका तिच्या पाठीवर पडला. दुसऱ्यानं लुगडं फाटलं, कातडं फाटलं. ती पळाली नाही. सरपटत चाकापाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिनं नट झाकले.

"मारा! जीव घ्या माहा! पण आधी या चाकाची हवा सोडा रे!"

आरडाओरडा ऐकून अण्णाजी बाहेर आले. "काय बकून राह्यली ही? हाकला हिले!"

भागीरथानं बाजूला पडलेल्या हँडलच्या टोकानं नट खरवडला. हिरवा रंग निघाला. खाली लालभडक रंग होता. तिनं दुसरा खरवडला. तोही लाल.

"मधले नट खोलले तं चाक निंघते," ती धापा टाकत म्हणाली. "हे भोवतालचे खोलले तं चाकाच्या दोन फाका होतेत. पोटात हवा असली तं तोफेवानी फुटते. कोणी हात लावू नये म्हणून मिलिटरीवाल्यायनं हे लाल केलते. या अण्णाजीनं त्याच्यावर हिरवा फासला. माह्या नवऱ्यानं दारू नाई पेली होती. हातात पाना होता त्याच्या. छाती राह्यली नोयती, छाती! तोंड उघडलं तं झोपडी पेटवीन म्हणे हा."

अण्णाजी मागं सरले. त्यांची नजर बाहेरच्या फाटकाकडे गेली, आणि तेवढंच पुरे होतं.

चिंधूनं डाव्या हातानं हवेचं तोंड उघडलं. हवा सुसाट निघाली. निघतच राहिली. सैल केलेले नट त्यानं बोटानं हलवून बघितले. आणखी थोडा पाना फिरला असता तर!

साखळीचा पुढचा फटका अण्णाजींच्या तोंडावर बसला. दात सांडले. भैय्याजी बोलत नव्हता, नुसता मारत होता. अण्णाजी गयावया करत होते, पण कुणाला दया आली नाही.

भागीरथानं तिकडे बघितलंही नाही. मातीतली डबी तिनं उचलली. उरलंसुरलं कुंकू ग्रीसमध्ये कालवलं आणि एकेका नटाला बोटानं लावायला बसली. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते ती मनगटानं पुसत होती.

"माय," चिंधू रडत म्हणाला, "रोज तूच लावत होती? अन् आमी पुसत होतो! कुंकूच काऊन लावलं व?"

"घरात लाल एवढंच होतं, बाबू," भागीरथा म्हणाली. "मले आता लागत नाई. तुह्या बायकोले लागते."