पुस्तकात नसलेलं पान

"'ती वार्ता कानी पडताच राणीसाहेबांच्या हातातील पेला गळून पडला,'" सून वाचत होती. "'डोळ्यांपुढे अंधारी आली. किंकाळी फोडून त्या धाडकन...'"

"पडल्या," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "सारख्या पडतात या बायका. मागे कुणीतरी गादी घेऊन उभंच असणार बघ."

एरवी सून इथे हसायची. डोळे गेल्यापासून सासूबाईंची दुपार जुन्या कादंबऱ्यांवर निघायची. कुणाच्या पायाखालची जमीन सरकली, कुणाचं रक्त गोठलं, की दोघी पोट दुखेपर्यंत हसायच्या. आज सुनेनं नुसतं पान उलटलं.

सकाळी बंदरावरून फोन आला होता. क्रेनचा दोर तुटला आणि सासूबाईंचा मुलगा खाली उभा होता. जागीच गेला. सासूबाईंचं हृदय आधीच अधू. डॉक्टर म्हणाले, "एकदम सांगू नका. मनाची तयारी करून, हळूहळू." संध्याकाळी त्याला घरी आणणार होते. हळूहळूसाठी एवढी दुपारच काय ती हातात होती.

अशी तयारी करतात तरी कशी? सुनेला एकच वाट सुचली. नजर पुस्तकावर ठेवून ती पुस्तकात नसलेलं वाचू लागली.

"'राणीसाहेब शुद्धीवर येतात तोच दूत आला. मन घट्ट करा, तो म्हणाला. आपले चिरंजीव... कामावर असताना...'"

आवाज फुटू नये म्हणून ती मोठमोठ्या शब्दांना धरून पुढे सरकत राहिली. वज्राघात झाला. काळीज विदीर्ण झालं. आकाश कोसळलं. इतक्या दुपारींत वाचलेलं जे जे आठवलं, ते सगळं तिनं त्या बिचाऱ्या राणीवर ओतलं.

सासूबाई हसल्या नाहीत. चादरीच्या काठावरून त्यांची बोटं फिरत होती, ती थांबली.

"राणीला मूलबाळ नाही," त्या म्हणाल्या. "त्यावर तर सगळं पुस्तक उभं आहे."

सुनेनं पुस्तक मिटलं.

"कधी?"

"सकाळी, आई."

"दवाखान्यात आहे का?"

सुनेला नुसतं "नाही" म्हणता आलं.

किंकाळी आली नाही. सासूबाईंचं तोंड जरासं उघडं राहिलं, घास घ्यायला उघडावं आणि कुणी भरवूच नये, तसं. सुनेनं घाईघाईनं उशाची गोळी काढून त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"सकाळी," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला अंघोळ घातलीस तेव्हा तुला माहीत होतं. वेणी घातलीस. जेवू घातलंस. आणि मीठ कमी म्हणून मी तुला बोलले."

"डॉक्टर म्हणाले, आईंना हळूहळू सांगा. एकदम नको."

सासूबाईंचा हात चाचपडत आला आणि त्यांनी तिचं मनगट गच्च धरलं.

"अगं, नवरा गेला ना तुझा. तुला कुणी सांगितलं हळूहळू?"