जागेवरून

बँकॉकच्या मेट्रोचं दार मिटलं, तेव्हा मृदुला आणि तिचा नवरा फलाटावर उतरले होते आणि सासूबाई आतच राहिल्या होत्या. काटकसर म्हणून सिमकार्ड एकच घेतलं होतं, तेही मृदुलाच्या फोनमध्ये.

पुढच्या स्टेशनवर त्या नव्हत्या.

"आईला सकाळी काय पढवलं होतंस?" नवऱ्याने विचारलं.

"म्हटलं होतं, चुकामूक झाली तर जागेवरून अजिबात हलू नका."

बऱ्याच वेळाने शेवटच्या स्टेशनवरून परतलेली गाडी पलीकडच्या फलाटाला लागली. खिडकीत सासूबाई होत्या, त्याच सीटवर, पर्स पोटाशी धरून. मृदुला रुळांच्या अलीकडून दोन्ही हातांनी 'उतरा, उतरा' अशा खुणा करत राहिली.

सासूबाई हसल्या. शहाण्या मुलीसारखी मान डोलावून त्यांनी सीटवर थोपटून दाखवलं.

गाडी हलली.