दोन घरांचं सांत्वन

सरावाची दोन छोटी विमानं हवेत आदळली. एकात फोपनारच्या रंभाबाईचा ललित गेला, दुसऱ्यात लालबागच्या निर्मलाताईंची मृणाल. दोघी आयांची आधी ओळखसुद्धा नव्हती, पण तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या एकमेकींना फोन लावायच्या आणि पोटभर रडून घ्यायच्या. त्या रडण्यावरच दोघी तग धरून होत्या म्हणा ना.

मग ललित-मृणालबरोबर सराव करणारे पायलट भेटायला आले. चौकशी अजून चालू होती, चूक कोणाची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण पोरं मनानं फार चांगली.

फोपनारात रंभाबाईनं विचारलं, "खरं सांग बाबा, माझ्या पोराची काही गलती होती का?"

त्यांच्यातला अक्षय तिचा हात धरून म्हणाला, "नाही मावशी. ललित बराबर आपल्या उंचीवर होता. समोरचं विमानच खाली आलं."

तिथून सगळे लालबागला गेले. निर्मलाताईंनीही तेच विचारलं. अक्षयनं तितक्याच मायेनं सांगितलं, "नाही काकू. मृणाल बरोबर आपल्या उंचीवर होती. समोरचं विमानच वर आलं."

जन्मभर थापा मारल्या मी, पण एकाच दिवसात दोन घरांचं समाधान करणारी थाप मला कधी जमली नाही.



आता दोघी आपापल्या घरी एकट्याच रडतात, आणि दुसरीनं येऊन माफी मागावी म्हणून वाट बघतात.