उंबरठ्याचा नियम

“भूत दाढी का करतं, मालनताई?” रश्मीने विचारलं.

मालनताईंनी थोडा विचार केला. “ती येणार असते म्हणून.”

“पण तो मेलाय ना! मेलेल्याची दाढी वाढते कशी?”

रश्मी एका मोबाइल ॲपसाठी कादंबऱ्या तपासायची. भुतांच्या प्रेमकथा हा तिचा खास प्रांत. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आतल्या खोलीच्या भिंतीवर, प्रत्येक कादंबरीचा एक तक्ता लावलेला असायचा. कोण कधी मेलं, कुणाला दिसतं, कशाला हात लावू शकतं. लेखकाने स्वतःच घातलेला नियम मोडला की तिची लाल पेन्सिल चाललीच. तिच्या हातून आजवर एकही भूत सुटलं नव्हतं.

मालनताई पोस्टातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. ही त्यांची पहिलीच कादंबरी. दर शनिवारी त्या घाटकोपरहून यायच्या. मेलवरसुद्धा काम होईल, असं रश्मीने दोनदा सुचवून पाहिलं होतं. पण समोरासमोर बोललेलं बरं असतं, असं त्यांचं म्हणणं. आज शेवटचा निकाल लागायचा होता. सोमवारी कादंबरी ॲपवाल्यांकडे जाणार, आणि त्यांना पटली नाही तर तशीच परत येणार.

बाबांनी चहा आणून ठेवला. घरातच तर असतात, तरी अंगात इस्त्रीचा शर्ट. “साखर बघा,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

“डोळ्यांचं काय ठरलं त्यांच्या?” मालनताईंनी विचारलं.

आपण यांना मोतीबिंदूचं कधी सांगितलं, ते रश्मीला आठवेना. सांगितलं असेल. “कसलं ठरतंय! आई गेल्यापासून दोन वर्षं जिना उतरले नाहीयेत. तीनदा तारीख घेतली, तीनदा मोडली. मी आता नाद सोडलाय. आपण नववं प्रकरण बघू.”

तिने तक्त्यावर बोट ठेवलं.

“पहिल्या सहा प्रकरणांत तुमचा अनिरुद्ध घुम्या. नीलम त्या घरात भाड्याने येते, हा कोपऱ्यात बसून बघत राहतो. झकास. जिथे मेला त्या घराचा उंबरठा त्याला ओलांडता येत नाही. पान बारा, तुमचंच वाक्य. आणि नवव्यात हा तिला सोडायला थेट रिक्षापर्यंत जातो!”

“जातो.”

“अहो पण कसा? मंत्र, ताईत, उतारा, काहीतरी द्या ना.”

“ती एकटीच रिक्षाची वाट बघत उभी राहते. त्याला ते बघवत नाही.”

“हे काय कारण झालं?”

“मला तेवढं एकच ठाऊक आहे.”

रश्मीने पान उलटलं. “बरं, गेला. आता प्रेमाचं बोलेल असं वाटतं. तर म्हणतो काय, ‘पदर आत घ्या, चाकात जाईल.’ ताई, प्रेमकथा आहे ही, रस्ता सुरक्षा सप्ताह नाही! शिवाय नीलम सहा प्रकरणं जीन्समध्ये. नवव्यात पदर आला कुठून?”

मालनताईंचा चेहरा लाल झाला. “ते मात्र चुकलं गं.”

“माणूससुद्धा एकाएकी असा बदलत नाही. मग भूत कसं बदलेल? वाचकाला पटायला नको?”

“एकाएकी कुठे? सातव्यापासून बदलतोय की तो. कुणाचं लक्ष नाही, एवढंच.”

रश्मी हसली, पण मालनताई हसत नव्हत्या. त्यांनी कागद पुढे ओढून घेतले आणि त्या प्रकरणावर हात ठेवला.

“हे राहू दे ना. बाकीचं हवं तसं काप. दाढी काढ, सगळं काढ.”

“नाही चालणार. ॲपवाले पहिल्यांदा ह्याच्यावरच बोट ठेवतील. हे ठेवलं तर कादंबरीची वाट लागली समजा.”

“मग तो परत जाऊन कोपऱ्यात बसणार?”

“नियमाप्रमाणे, हो.”

मालनताईंनी प्रकरणावरचा हात काढून घेतला. चहा गार होऊन गेला. रश्मीला वाईट वाटलं, पण असं वाईट तिला दर कादंबरीला वाटायचं. कामात दयामाया करून कसं चालेल?

“बरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “तू एवढं शिकलेली, तुला कळतं. काढ. आता काम संपलंच म्हणायचं. पुढच्या शनिवारी मग मी काही येत नाही.”

रश्मीने समासात ‘अशक्य’ लिहिलं आणि पूर्ण पानावर तिरकी रेघ ओढली. मालनताईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

शनिवारी सहा वाजता ॲपवाल्यांची मीटिंग असायची. मालनताई उठल्या की रश्मी खोलीचं दार लावायची, कानाला हेडफोन लावायची आणि तासभर जग विसरायची. आज हेडफोन लावला आणि निरोप आला: मीटिंग रद्द.

कप घेऊन ती बाहेर आली. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, समोरची खुर्ची रिकामी.

“बाबा?”

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाथरूमचं दार उघडं. ती दाराकडे धावली. चपलांच्या मांडणीवर, सगळ्यात खालच्या फळीवर, दोन वर्षं धूळ खात पडलेल्या बाबांच्या चपला नव्हत्या.

तिने खिडकी गाठली.

खाली गेटपाशी रिक्षा उभी होती. आत मालनताई बसल्या होत्या, रुमालाने डोळे टिपत. रिक्षाच्या दांडीला धरून इस्त्रीच्या शर्टातले बाबा वाकून उभे होते. ते काहीतरी म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ते वाक्य रश्मीला पाठ होतं.

मालनताईंनी पदर आत घेतला.